टॉवरच्या पाण्याचा चहा

"तुमच्या झऱ्यात लोखंड आहे, बाई," असं खांबेकर म्हणाला आणि कमूच्या डोक्यात तिडीक गेली.

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही तर काय होईल? ठाण्याहून गाडीत बसून येणारा माणूस. पायात पांढरे बूट. महिन्यातून एकदा यायचं, कारखान्याच्या टॉवरमध्ये टाकायच्या औषधाचा कॅन उतरवायचा, चहा प्यायचा आणि जायचं, एवढंच त्याचं काम. झरा कुठल्या अंगाला आहे ते विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. आणि तो कमूला सांगत होता, उंबरपाड्याच्या झऱ्यात काय आहे ते. कमू लग्न होऊन उंबरपाड्याला आली त्याला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं तेच पाणी प्यायली, त्यातच नागलीची भाकर थापली, दोन पोरं त्यावरच वाढवली. झऱ्याला कोणी नावं ठेवली की तिला घरातल्या माणसाला ठेवल्यासारखी लागायची.

"लोखंड नाय," ती म्हणाली. "आमच्या झऱ्यात कायसुद्धा नाय."

"लॅबचा रिपोर्ट आहे," खांबेकरने हातातला कागद हलवला. "झऱ्याचं पाणी असं लिहिलंय वर. वाचता येतं ना?"

वाचता येत होतं. जव्हारला आयटीआय करून आलेली बाई होती ती, आणि त्याआधी चार वर्षं ग्रामपंचायतीची जलसुरक्षक म्हणून विहिरींचं पाणी राखलेली. पण त्या वेळी मॅनेजर पाटणकर साहेब शेजारी उभे होते, म्हणून तिने जीभ आवरली.

झालं होतं ते असं. खोडाळ्याहून जव्हारकडे निघालं की वाटेत डाव्या हाताला तो फळांच्या गराचा कारखाना लागतो. आंबा, जांभूळ, करवंद, जे येईल त्याचा गर काढायचा आणि मोठ्या थंड खोलीत गोठवून ठेवायचा. खोली थंड ठेवणारी यंत्रं स्वतः मात्र तापतात. त्यांना निववायला अंगणात कुलिंग टॉवर आहे. वरून पाणी पडतं, पंखा वारा घालतो, निवलेलं पाणी खालच्या टाकीत जमतं आणि पंप ते परत यंत्राकडे धाडतो. तेच पाणी दिवसभर गोल फिरत राहतं. वाफ होऊन जेवढं उडेल तेवढं वरून भरायचं, आणि ते भरायचं झऱ्याचं. पाच वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठराव झाला होता, आधी पाडा पिणार, ओसंडून जाईल ते कारखान्याने न्यावं. कमू त्या सगळ्या यंत्रांवर ऑपरेटर होती.

आणि महिन्याभरापासून टॉवरचं पाणी लाल झालं होतं. आधी नुसतं पिवळट, मग काव कालवल्यासारखं. कंडेन्सरच्या नळ्यांत, म्हणजे जिथे यंत्राची उष्णता पाण्यात उतरते तिथे, लाल गाळ बसला. यंत्र तापून दिवसातून दोनदा बंद पडायला लागलं. शिमगा तोंडावर आला होता. त्यानंतर आंबा येणार, आणि आंबा काही यंत्र दुरुस्त होईतो थांबत नाही.

"मालकांनी ठरवलंय, कमूताई," पाटणकर साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "झऱ्याच्या वरच्या अंगाला चारशे फुटांचा बोअर मारायचा. गुरुवारी मशीन येतंय. तुम्ही फक्त इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं, झऱ्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण जास्त आढळलं, सबब नवीन बोअरवेल आवश्यक. खाली दोन जागा होत्या. एक कारखान्याच्या ऑपरेटरची, दुसरी पाड्याच्या पाणी समितीच्या सदस्याची. दोन्ही जागी कमूच. साहेबांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं होतं.

कमूने कागद हातात घेतला आणि घडी घालून परत दिला. टेकडीपलीकडच्या पाड्यात असाच बोअर झाला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तीही गेली. आता तिथल्या बाया वैशाखात टँकरची वाट बघत रस्त्यावर हंडे मांडून बसतात. उंबरपाड्यात चाळीस घरं, आणि चाळीस घरांना तो एकच झरा; पाड्याची विहीरसुद्धा त्याच्याच पाण्यावर भरायची.

"मी सही करणार नाय," ती म्हणाली.

"मग लोखंड आलं कुठून ते सांगा," पाटणकर म्हणाले. "मालक काही विनाकारण जमिनीत भोकं पाडायला रिकामे बसलेले नाहीत. दुसरं कारण दाखवा, बोअर रद्द करतो. नाही दाखवलं तर तुमच्या सहीवाचून अडणार नाही, समितीत आणखी माणसं आहेत."

खांबेकर हसला. त्या हसण्याचा कमूला जास्त राग आला.

घरी आली तेव्हा सासू, पोशी, ओट्यावर बसून कुळीथ निवडत होती. पोशी कमी बोलायची, आणि बोलायची ते समोरच्याला आवडेल की नाही याचा विचार न करता.

"आयस, झऱ्यात लोखंड हाय म्हणतात," कमू म्हणाली.

"कोण?"

"ठाण्याचा माणूस."

"त्याने चहा केला का?"

"नाय."

"मग त्याला काय ठावं," पोशी म्हणाली आणि परत कुळथाकडे वळली.

कमू दारातच उभी राहिली. इतकी साधी गोष्ट आपल्याला दिवसभर सुचली कशी नाही, याची तिला लाज वाटली. पाड्यात नवा हातपंप बसला की पहिल्या हंड्याचा कोरा चहा करायची रीत होती. सरकारी माणसं बाटल्या भरून नेतात आणि रिपोर्ट येतो तो पाऊस पडून गेल्यावर. पोशीचा चहा त्याच दुपारी सांगायचा. पाण्यात लोखंड असलं की कोरा चहा शाईसारखा काळा होतो. तसा झाला की तो पंप धुण्याभांड्याला. शाळेजवळचा पंप पोशीने असाच एका कपात नापास केला होता, आणि पुढे सरकारी रिपोर्टानेही तेच सांगितलं. दुधाचा चहा पिणाऱ्यांना हे कळायचं नाही, दूध सगळं झाकून टाकतं.

मंगळवारी सकाळी कमू चार बाटल्या घेऊन निघाली. पहिली भरली झऱ्याच्या तोंडाशी. दुसरी कारखान्याच्या कुंपणाशी, जिथे झऱ्याचा पाइप आत शिरतो तिथे. तिसरी उंचावरच्या साठवणीच्या टाकीतून, शिडी चढून. चौथी टॉवरच्या खालच्या टाकीतून. फाटकावर बुधाकाकाचा स्टोव्ह असायचा. बुधाकाका वॉचमन, वयाने साठीचा, कमूच्या सासरच्या नात्यातला. तिने त्याच्या पातेल्यात एकेक करून चार चहा केले. तेवढीच पूड, तेवढाच गूळ, तेवढीच उकळी. कॅन्टीनचे काचेचे ग्लास ओळीने कट्ट्यावर मांडले आणि पाटणकर साहेबांना बोलावलं. खांबेकर जव्हारला लॉजवर मुक्कामाला राहिला होता, तोही आला.

तीन ग्लासांत चहा होता, लालसर, आरपार दिसणारा. चौथ्यात काळं पाणी होतं. बोरूने लिहावं इतकं काळं.

"हा झऱ्याचा, हा पाइपाचा, हा वरच्या टाकीचा," कमू म्हणाली. "आणि हा तुमच्या टॉवरचा. झऱ्यात लोखंड असतं तर पहिलाच काळा झाला असता. लोखंड टॉवरमध्ये आल्यावर मिळतंय पाण्याला."

"हे काय चाललंय, साहेब?" खांबेकर म्हणाला. "चहाच्या कपावर कारखाना चालवायचा का आता? लॅब आहे, मशीन आहे, रिपोर्ट आहे."

"रिपोर्टाचं पाणी कुठून भरलंत?"

"झऱ्याच्या लाइनला नळ आहे ना, अंगणात."

"कुठला नळ? दाखवा."

खांबेकर चालत गेला आणि टॉवरच्या पायाशी असलेल्या नळावर त्याने हात ठेवला. बुधाकाका खोकला. त्या नळाशी झऱ्याचा काही संबंध नव्हता. टॉवरच्या टाकीतलं पाणी काढायचा नळ होता तो. झरा तिथून खाली पाऊण किलोमीटर, वाट दगडाची, शेवटचा तुकडा चिखलाचा. पांढऱ्या बुटांना ती मानवणारी नव्हती, म्हणून खांबेकरने हाताशी लागला तो नळ सोडला, बाटली भरली आणि वर चिठ्ठी लावली, झऱ्याचं पाणी.

कमूने नळ सोडला. लाल पाणी भसकन आलं आणि खांबेकरच्या उजव्या बुटावर पडलं. तो मागे सरकेपर्यंत बूट रंगला होता.

"हा बघा तुमचा झरा," कमू म्हणाली.

बुधाकाका तोंड फिरवून हसला. पाटणकर हसले नाहीत, पण त्यांनी तो काळा ग्लास उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"बरं, झरा सुटला," ते म्हणाले. "मानलं. पण मग पाइप गंजतायत. पाच वर्षं नाही गंजले, आताच का? मालक मला हेच विचारणार. आणि मी गप्प राहिलो तर म्हणणार, पाणीच बदला. उद्या दुपारपर्यंत मला कारण द्या, कमूताई. नाहीतर मशीन येणार ते येणारच."

कारण कमूला ठाऊक होतं, असं तिला वाटलं. खांबेकरचं औषध, दुसरं काय. निळ्या कॅनमधलं ते पाणचट द्रव, त्यात काय असतं ते त्याचं त्यालाच माहीत. त्याच्या कंपनीवरच हे शेकणार आणि तो मान खाली घालून ठाण्याला जाणार, हे तिने मनात रंगवूनसुद्धा झालं होतं. इतक्या खुशीत तिने गेल्या कित्येक दिवसांत काम केलं नव्हतं.

दुपारी यंत्र बंद करून तिने बुधाकाकाला मदतीला घेतलं आणि कंडेन्सरचं झाकण उघडलं. नट गंजून घट्ट झालेले, अर्धा तास त्यातच गेला. आतल्या नळ्यांची तोंडं उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. मग ती टॉवरच्या टाकीभोवती फिरली. आता पाणी कुठे जास्त खातंय ते बघायचं, जिथे जास्त खातंय तिथे काहीतरी पडतंय, एवढं साधं तिचं गणित. खांबेकरचं औषध एका बारीक पाइपातून टाकीच्या उत्तरेला पडायचं. तिथले बोल्ट गंजले होते, पण धड होते. दक्षिणेला, शिडीपाशी, बोल्टांची डोकीच उरली नव्हती. जाळीचे गज सुईएवढे बारीक झालेले. बोटाने दाबला तर एक गज मोडून हातात आला.

"इथं काय पडतं?" बुधाकाकाने विचारलं.

कमूने मोडका गज मुठीत धरला. शिडीपाशी काय पडतं ते तिला ठाऊक होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती स्वतः तिथे उभी राहून टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकायची.

दिवाळीनंतर टॉवरमध्ये हिरवं शेवाळ धरलं होतं. पाणी घाण झालं की टीसीएल टाकायची, हे तिच्या हाताला चार वर्षांच्या जलसुरक्षकीने शिकवलं होतं. जिल्ह्याहून आलेल्या बाईंनी सांगितलेलं, हजार लिटरला चमचाभर, पाण्यात कालवून, वरचं निवळ ओतायचं. पाड्याच्या विहिरीला तिने तशीच दिली आणि चार वर्षांत पाड्यात एकालाही हगवण लागली नाही. तिचा तो अभिमान होता. म्हणून टॉवर हिरवा झाला तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही. चमचा टाकला. शेवाळ हटेना, दोन टाकले. मग पेला. मग मग्गा.

घरी जलसुरक्षकीची जुनी पेटी होती. संध्याकाळी तिने त्यातली बारकी बाटली काढली. तपासायच्या पाण्यात त्यातले दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. विहिरीचं पाणी कसं, लिंबाच्या सालीइतकं पिवळं व्हायला हवं. टॉवरचं पाणी तिने तासभर ठेवून गाळ बसू दिला होता. वरच्या निवळ पाण्यात दोन थेंब टाकले आणि ते झेंडूच्या फुलासारखं गडद केशरी झालं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कुठे चुकलो ते. विहिरीचं पाणी रोज उपसलं जातं. चाळीस घरं शेंदून नेतात आणि खालून नवं येतं. आज टाकलेली पावडर परवा उरत नाही. टॉवरचं पाणी कुठे जात नाही. तेच फिरतं, त्याची वाफ होते, आणि वाफेबरोबर फक्त पाणी जातं. पावडरीतला खार मागे राहतो. सोमवारचा गुरुवारवर, गुरुवारचा सोमवारवर, तीन महिने. त्या तिखट पाण्याने आतून लोखंड खाल्लं. तिने टॉवरला विहीर समजून वागवलं होतं.

कमूला स्वतःचा इतका राग आला की तिने ती पेटी पायाने ढकलली. सकाळी खांबेकरच्या बुटावर पाणी सोडताना किती ताठ उभी होती. पाणी न बघता बोलतो म्हणून त्याला झोडलं, आणि तिने तरी काय बघितलं होतं? वाईट याचं वाटलं की चूक आळसातून झाली नव्हती. मन लावून केलेल्या कामातून झाली होती, आणि अशा चुकीला कोणाकडे बोट दाखवायची सोय नसते.

खरं तर सोय होती. हेच तिला छळत होतं. खांबेकरच्या औषधावर खापर फोडलं असतं तर पाटणकरांनी मानलं असतं, बुटाच्या प्रकारानंतर तर नक्कीच. फक्त लॉगबुकातली पानं फाडायला हवी होती. रोजची नोंद ती स्वतः लिहायची. सोमवार, टीसीएल टाकली, कमू. गुरुवार, टीसीएल टाकली, कमू. चाळीस घरांत पगाराची नोकरी असलेली ती एकटी. नवरा, जिवा, भिवंडीला बांधकामावर. नोकरी गेली तर दिवाळीनंतर दोन्ही पोरं घेऊन वीटभट्टीवर जायचं, जसं ती स्वतः लहानपणी आईबापाबरोबर गेली होती. थोरलीची सहावी तिथेच संपली असती.

तिने पोशीला सगळं सांगितलं. पोशी चुलीपाशी होती, तिने ऐकून घेतलं.

"औषधवाल्यावर घातलं तर?" पोशीने विचारलं.

"तो त्याचं औषध तपासून आणेल. दुसरा रिपोर्ट आणेल. मग परत म्हणतील, पाणीच वाईट, आणि मशीन येईल."

"आणि खरं सांगितलं तर?"

"झरा राहील. नोकरी जाईल."

पोशीने भाकर उलटली. "मग मला काय विचारतेस," ती म्हणाली. "तुझं ठरलेलं हाय. जेव."

बुधवारी कमू पाटणकरांच्या केबिनमध्ये गेली ती लॉगबुक छातीशी धरून. खांबेकर आधीच बसला होता, पायात आज काळे बूट. कमूने मोडलेला गज, केशरी पाण्याची बाटली आणि लॉगबुक टेबलावर ठेवलं.

"कारण मिळालं," ती म्हणाली. "टीसीएल जास्त झाली. पाणी तिखट झालं, त्याने पाइप खाल्ले. झऱ्याचा दोष नाय, यांच्या औषधाचा नाय. टीसीएल मी टाकली."

"म्हणजे हिनेच केलं," खांबेकर खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, ऐकलंत ना? आणि काल माझ्यावर पाणी सोडत होती. लाखाचं नुकसान करून ठेवलंय बाईने."

"होय, मीच केलं," कमू त्याच्याकडे वळली. "तुम्ही न बघता झऱ्याला चोर ठरवलंत, मी न विचारता पावडर टाकली. माझी चूक मी सांगितली. तुमची चूक मला शोधावी लागली." मग तिने लॉगबुक उघडून पाटणकरांपुढे सरकवलं. "साहेब, मी लपवून काय केलं नाय. प्रत्येक वेळी लिहिलंय. हे बघा, सोमवार. हा गुरुवार. पेलाभर लिहिलंय, मग्गाभर लिहिलंय. आणि प्रत्येक पानाखाली ही सही कोणाची?"

पाटणकरांनी पान उलटलं. मग दुसरं. तीन महिन्यांची पानं, रोज एक, आणि प्रत्येकाखाली त्यांचीच हिरव्या शाईतली लांबलचक सही. त्यांचे कान लाल झाले. एक पानसुद्धा त्यांनी वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तर डिसेंबरातच थांबवलं असतं, त्यांना तेवढं कळत होतं.

"तुम्ही मला धमकावताय का?"

"नाय, साहेब. तुम्ही कारण मागितलंत, मी कारण दिलं. आता मशीन रद्द करा. माझ्यासमोर फोन लावा."

"आणि तुमचं काय करायचं?"

"माझं नंतर बघा. आधी झरा."

पाटणकरांनी खांबेकरकडे पाहिलं. खांबेकर खिडकीबाहेर बघत होता. साहेबांनी फोन उचलला, आधी मालकांशी बोलले, मग मशीनवाल्याशी. गुरुवारचं काम रद्द, असं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पलीकडचा कुरकुर करत होता. फोन ठेवला आणि ते कमूकडे न बघता म्हणाले, "तुम्ही घरी जा. उद्यापासून येऊ नका. पुढचं मालक ठरवतील."

ठाऊक असलं तरी ऐकताना लागतंच. पण कमू हलली नाही.

"काढायचं असेल तर कागद द्या, साहेब. कमल जिवा अमुक तमुक, हिला या कारणासाठी काढलं, असं लिहून. झऱ्याला चोर ठरवायला कागद केला होतात. मलाही कागदावरच काढा. तोंडी मी जाणार नाय."

आणि ती बाहेर पडली.

गुरुवारी सकाळी मशीन आलं नाही. कमू आली. नेहमीच्या वेळेला, डबा घेऊन. फाटकावर बुधाकाका अवघडून उभा होता.

"कमू, साहेब म्हणाले तुला आत घेऊ नको."

"कागद दिलाय?"

"नाय. तोंडी."

"मग तुम्ही मला तोंडी अडवलंत आणि मी तोंडी ऐकलं," कमू म्हणाली आणि आत गेली. बुधाकाका बाजूला झाला, आणि इतक्या चटकन झाला की अडवायचं त्याच्या मनातच नसावं.

तिने टॉवर बंद केला. टाकीतलं सगळं लाल पाणी शोषखड्ड्यात सोडलं, ओढ्याकडे एक थेंब जाऊ दिला नाही. टाकी घासली, झऱ्याचं पाणी भरलं, फिरवलं, काढलं. परत भरलं, परत काढलं. तिसऱ्या भरण्याला दुपार उलटून गेली होती आणि तिच्या हातांची सालं निघाली होती. मग तिने फाटकावर जाऊन टॉवरच्या पाण्याचा चहा केला, फक्त बघायला. त्याच्या शेजारी झऱ्याच्या पाण्याचा दुसरा केला, प्यायला. दोन्ही ग्लास कट्ट्यावर ठेवले आणि उकिडवी बसून लॉगबुक लिहायला घेतलं.

पाटणकर केव्हा येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. त्यांनी दोन्ही ग्लास पाहिले. टॉवरचा थोडासा गडद होता, पण लाल होता, आरपार दिसत होता.

"नळ्या?" त्यांनी विचारलं.

"सहा गेल्यात, त्यांची तोंडं बंद करावी लागतील. बाकी चालतील. आंबा निघेल."

"आणि शेवाळ?"

"वर पत्रा घाला, ऊन लागलं नाय तर शेवाळ धरणार नाय. आणि आठवड्याला थोडं पाणी काढून नवं घालायचं. त्याला विहिरीसारखं ताजं ठेवावं लागतं. हे मला आधी कळायला हवं होतं."

पाटणकरांनी हात पुढे केला. कमूने लॉगबुक दिलं. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं, सवयीने पानाच्या तळाशी नेलं आणि तिथेच थांबले. मग चष्मा लावला आणि वरून वाचायला सुरुवात केली. वेळ लागला, कारण कमूचं अक्षर बारीक होतं.

गुरुवार. टॉवरचं पाणी तीनदा बदललं. टीसीएल टाकली नाही, यापुढे विचारल्याशिवाय टाकणार नाही. आधी टाकली ती चूक माझी. झऱ्याच्या पाण्यात दोष नाही. कामावर हजर, कमू.

शेवटच्या ओळीवर साहेब पुष्कळ वेळ थांबले. खाली सही केली तर ती हजर, नाही केली तर नाही, हे दोघांनाही कळत होतं. कमूने नजर खाली घेतली नाही.

"मालकांना मी काय सांगू?" ते म्हणाले.

"जे लिहिलंय तेच."

पाटणकरांनी सही केली. नेहमीची लांबलचक नाही, पूर्ण नाव, अक्षर अन् अक्षर लावून. मग लॉगबुक तिच्या हातात दिलं आणि कट्ट्यावरचा झऱ्याचा चहा उचलला.

"वाचलंत ना?" कमूने विचारलं.

"वाचलं," ते म्हणाले आणि कोरा चहा प्यायला लागले.